सासऱ्यांसमोर चालणारा शब्द

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी माझ्या वहिनीचं नाव घेतो. आईवडिलांचे उपकार असतातच, ते वेगळे सांगायची पद्धत नाही. पण वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी आठवीत होतो, गणितात काठावर आणि विज्ञानात काठाच्याही खाली. मला शाळेतून काढून शेतात वखरावर पाठवायचं बाबांनी जवळजवळ ठरवलं होतं. नव्या सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नसतं. म्हणून ती चुलीपाशी बसून आईला म्हणाली, पण ओसरीवर बाबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात: "आत्याबाई, भाऊजीले शिकू द्या. ते नापास झाले त मले बोला."

मी नापास झालो नाही, याचं श्रेय तिच्या एका शब्दाला आहे. तो शब्द म्हणजे "मंग?" वहिनी दहावी शिकलेली. माझ्या पुस्तकातलं तिला फार काही येत होतं असं नाही, आणि ती तसा आवही आणत नसे. ती भाकरी थापायची आणि मी समोर बसून धडा सांगायचा.

"झाडं प्रकाशसंश्लेषण करतात."

"म्हंजे?"

"प्रकाश म्हणजे उजेड. संश्लेषण म्हणजे जोडणं."

"मंग? काय जोडते झाड?"

"हवा आणि पाणी."

"मंग? त्याचं काय होते?"

तिसऱ्या-चौथ्या "मंग?"पर्यंत मला एक तर उत्तर सुचायचं, नाही तर पुस्तक उघडावं लागायचं. मराठी शब्दाचा फायदा मला तेव्हा कळला. तो फोडला की आत काही तरी सापडतं. पुढे यवतमाळला कॉलेजात सरांनी फळ्यावर "फोटोसिंथेसिस" लिहिलं, तेव्हा मला वाटलं हा एखादा नवा रोग असावा. मग मी मनातल्या मनात त्याचं प्रकाशसंश्लेषण केलं आणि जिवात जीव आला.

एकच धडा आमचा राहिला. प्रजननाचा. शाळेत सरांनी तो "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता. घरी मी पुस्तक उघडलं. वहिनीनं वरून एक नजर टाकली, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "हा धडा तुमच्या भावापाशी वाचा." दादा गोठ्यात होता. तो म्हणाला, "मले काय इचारतं? बैलाले इचार." बैलाला विचारून उपयोग नव्हता. धडा राहिला तो राहिलाच. एका धड्यानं काय बिघडतं, असं मला वाटलं होतं. माझी पहिली नोकरी नेमकी त्याच धड्यावर येऊन अडणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

बीएस्सी झालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कापूस पिकवणाऱ्यांना सल्ला देणाऱ्या एका संस्थेत लागलो. सुरुवातीचे काही महिने चाचणीचे होते. काम जमलं तर कायम, नाही तर घरी. घरी म्हणजे बाबांनी राळेगावात एका नातेवाइकाच्या कृषी केंद्रात माझ्यासाठी स्टूल आधीच बघून ठेवलं होतं. "बसून बसून औषधं इकायची. काय वाईट हाय?" ते म्हणायचे. वाईट काहीच नव्हतं. पण वहिनीनं सगळ्या आळीत सांगून ठेवलं होतं की आमचे भाऊजी शास्त्राचे साहेब झाले. मी स्टुलावर बसलो असतो तर माझं फारसं बिघडलं नसतं. मान तिची खाली गेली असती.

माझं पहिलं काम असं होतं: बायकांच्या बचत गटाला सापळ्यांची माहिती द्यायची आणि ते त्यांच्या शेतात लावून घ्यायचे. कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडते. तिचा पतंग पकडायला एक प्लास्टिकचा डबा मिळतो. त्याच्या झाकणात रबराची एक लहानशी वडी बसवतात. मादीच्या अंगाला जो वास असतो, तसलाच वास या वडीला असतो. त्या वासानं नर येतो आणि डब्याखालच्या पिशवीत पडतो. नर नाही तर अंडी नाहीत, अंडी नाहीत तर अळी नाही. साधी गोष्ट आहे.

तिचं नाव मात्र साधं नव्हतं. आमच्या मुख्य कार्यालयातले साहेब मराठीचे फार अभिमानी. मनापासून अभिमानी, दाखवायला नव्हे. शास्त्र स्वतःच्या भाषेत आलं तरच शेतकरी त्याचा मालक होतो, असं ते म्हणायचे आणि मला ते पटायचं. माहितीपत्रक त्यांनी स्वतः बसून लिहिलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: कामगंध सापळा. शब्द त्यांनी घडवलेला नव्हता. सरकारी पुस्तकांतही तोच आहे. "बैठकीत हाच शब्द वापरायचा," त्यांनी मला बजावलं. "इंग्रजी शब्दांच्या कुबड्या नकोत."

बैठक आमच्याच गावात, मारुतीच्या सभामंडपात ठेवली. गटाची सचिव माझी वहिनी. समोर पंधरा-वीस बायका, त्यातल्या निम्म्या माझ्या काकू, मावश्या नाही तर आज्या लागणाऱ्या. मागे शेंदूर लावलेला ब्रह्मचारी मारुती. बाजूच्या पारावर चार म्हातारे डुलक्या घेत होते. सगळ्यांत पुढे एक आजी. ती गटात नव्हती, पण चहा असल्यानं एकही बैठक चुकवत नसे. तिला कमी ऐकू येतं.

मी उभा राहिलो. "तायांनो, आज आपण कामगंध सापळ्याची माहिती घेऊ."

आजी म्हणाली, "कायचा सापळा?"

शेजारणीनं तिला कानात सांगायला हवं होतं. शेजारणीनं पदर तोंडाला लावला आणि खांबाकडे बघू लागली.

"अवो, मी इचारून राह्यली, कायचा सापळा?"

"कामगंध, आजी."

"मोठ्यानं बोल बाप्पा. खाऊन नाई आला काय घरून?"

मी मोठ्यानं बोललो. सभामंडप घुमला. पारावरचे चारही म्हातारे एकदम उठून बसले. मी मारुतीकडे बघायचं टाळलं आणि पत्रक वाचायला सुरुवात केली. "मादी पतंग मीलनासाठी नरास आकर्षित करण्याकरिता..."

"चला व माय," एक काकू उठली. "भाकरी टाकाच्या हायेत. शिकले-सवरले पोट्टे, देवळात काय काय बोलून राह्यले."

विषय बदलावा म्हणून मी घाईघाईनं वडी काढून दाखवली. ती उघड्या हातानं धरायची नसते, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी सांगेपर्यंत ती तिसरीच्या हातात गेली होती. नाव गंधाचं, म्हणून प्रत्येकीनं ती नाकाला लावली.

"मले त वास नाई येत."

"तुले सर्दी हाय. इकडं आन."

"काईच नाई येत व. यापक्षा उदबत्ती बरी."

"वासाचं नाव सांगून बिनवासाची वस्तू देऊन राह्यले."

मी म्हणालो, "हा वास फक्त पतंगाला येतो."

"मंग पतंगायचीच बैठक घ्या न भाऊ," मागून कोणी तरी म्हणालं.

तेवढ्यावर बैठक संपली. वडीला एव्हाना लसणाचा, तंबाखूचा आणि खोबरेल तेलाचा वास लागला होता. पतंगानं तिच्याकडे कशाला फिरकावं! एकाही बाईनं सापळा नेला नाही. आजीनं चहा घेतला.

घरी वहिनीनं मला जेवू घातलं आणि मग ताट उचलता उचलता सुरुवात केली. "भाऊजी, पुन्यांदा माह्यासमोर असं बोलू नका. मले कुठं पाहावं समजे ना."

"वहिनी, मराठीतच बोललो ना मी."

"तेच त झालं. इंग्रजीत काय म्हनते त्याले?"

"फेरोमोन."

"म्हंजे?"

"तेच."

"तेच म्हंजे तेच?"

"हाव."

"पन आयकनाऱ्याले लगेच समजत नाई ना?"

"नाही समजत."

"मंग झालं. तेच सांगा."

"साहेबांनी मराठीच सांगायला सांगितलं आहे."

"साहेबाची बायको बसली व्हती काय मारुतीसमोर?"

मग मला एकेक आठवू लागलं. एकदा नेरहून येताना एसटीत एक काका कंडक्टरला सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगत होते, "डॉक्टरनं मोशन टेस्ट करा सांगतली, अन मले परवापासून मोशनच नाई." बसमध्ये कोणाची भुवई हलली नाही. कंडक्टर म्हणाला, "मोशनचं पाहू काका, आधी सुट्टे द्या." तीच गोष्ट काकांनी घरच्या भाषेत सांगितली असती तर शेजारच्या बाकावरची माणसं उठून गेली असती. आमची काकू "युरिन" बिनधास्त म्हणते, "डिलिव्हरी" म्हणते, "पिशवीचं ऑपरेशन" म्हणते आणि ऑपरेशनवर जोर देऊन पिशवी हळूच पुढे ढकलते. हे शब्द आमच्याकडे शाळेतून आले नाहीत. दवाखान्यातून आले, पदराआडून आले. मराठी शब्द उघडा असतो, तो उच्चारला की ती गोष्टच समोर उभी राहते. इंग्रजी शब्द डोक्यावर पदर घेऊन येतो.

आणि दुसरी गोष्ट. मराठी शब्द वचन देतो. गंध म्हटलं की वास यायलाच पाहिजे. फेरोमोननं कोणाला काही वचन दिलेलं नाही. त्याच्याशी भांडायला जागा नाही.

पुढची बैठक वहिनीनं आमच्याच अंगणात बोलावली. मी म्हणालो, "आज फेरोमोनची माहिती घेऊ."

देवळातून उठून गेलेली काकू पुढे सरकून बसली. "थायरॉईडसारखं हाय काय?"

"तसं नाही."

"बीपी वाढते काय त्याच्यानं?"

"नाही."

"मंग ठीक हाय. सांगा."

मी सांगितलं. नर पतंग फेरोमोनमुळे डब्यात येतो आणि पिशवीत अडकतो. सगळ्यांनी माना हलवल्या. आजीनं मात्र कानामागे हात धरून विचारलं, "नरच काहून येते? मादी काहून नाई येत?"

मी ओसरीकडे पाहिलं. तिथं बाबा होते. पण वहिनी पटकन म्हणाली, "आजी, नरच घराबाहेर फिरतेत ना."

अंगण हसलं. आजीला कारण पटलं. त्याच संध्याकाळी सगळे डबे गेले, आणि या वेळी वड्या मी चिमट्यानंच बसवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी शेतांत फिरलो तर प्रत्येक डब्याला हळदीकुंकू. नवी वस्तू शेतात आली की तिला कुंकू लावायचं, ही आमच्याकडची रीत. फवारणीच्या पंपाला लावतात, मोटारीला लावतात. काकूनं तर डब्याखाली लिंबूमिरची टांगली होती. मी कपाळाला हात लावला. पण कुंकू बाहेरून होतं आणि वडी आत, त्यामुळे पतंगांची काही हरकत दिसली नाही. पिशव्यांत पतंग पडू लागले.

मग शब्दाला पाय फुटले. "तुमचा फेरोमोन भरला काय?" विहिरीवर विचारणा व्हायची. "आमचा त रिकामाच हाय व, धुऱ्याच्या कडेले बांधला ना ह्यायनं." धुरा म्हणजे शेताचा बांध. मला वाटत होतं, अर्थ कोणाला कळलेला नाही, शब्द तेवढा घेतला. तो माझा समज फार दिवस टिकला नाही. गावातला एक तरुण पानठेल्याऐवजी शिलाईच्या क्लाससमोर उभा राहू लागला. त्याच्याबद्दल काकू चारचौघांत, माझ्या बाबांसमोर, शांतपणे म्हणाली, "त्याले फेरोमोन लागला."

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "लगन करून टाका त्याचं."

म्हणजे सगळ्यांना सगळं पहिल्या दिवसापासून कळलं होतं. त्यांना फक्त सासऱ्यांसमोर चालेल असा शब्द हवा होता.

हंगाम सरत आला तेव्हा साहेब आले. मला कायम करायचं की नाही, हे या भेटीवर ठरणार होतं. सोबत मोबाईल उभा करायची काडी होती. शेतकरी महिला स्वतःच्या भाषेत शास्त्र सांगत आहे, अशी त्यांना चित्रफीत हवी होती. गट आमच्या शेतात जमला. बाबा धुऱ्यावर निंबाच्या सावलीत बसले होते. पहिली उभी राहिली वहिनी, डब्याशेजारी.

"यावर कुंकू कशाला?" साहेबांनी हळू आवाजात मला विचारलं.

"नवीन आहे ना साहेब," मी म्हणालो.

"हं, ताई," त्यांनी मोबाईल सुरू केला. "हे काय आहे ते सांगा."

"हा फेरोमोनचा डबा."

साहेबांनी मोबाईल थांबवला. "मराठीत सांगा ना, ताई."

"हे मराठीच हाय साहेब."

"नाही, नाही. याला आपला छान शब्द आहे. यांनी सांगितला असेल तुम्हाला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला राळेगावचं स्टूल स्पष्ट दिसलं.

वहिनीलाही ते दिसलं असावं. ती लगेच म्हणाली, "सांगतला ना. त्यायनं पयल्याच दिवशी, मोठ्यानं सांगतला. त्यायची काई चूक नाई."

"मग म्हणा तो."

वहिनीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "साहेब, मामंजी बसले हायेत."

साहेबांना संदर्भ लागेना. त्यांनी धुऱ्याकडे पाहिलं. बाबांनी त्यांना नमस्कार केला. इतक्यात आजी पुढे आली. "काय म्हनते साहेब?"

"मराठी नाव इचारून राह्यले," काकू तिच्या कानात ओरडली.

"मंग सांगा ना त्यायले."

कोणी पुढे होईना. आजी साहेबांना म्हणाली, "मले काई आठवत नाई बाप्पा. तुमीच सांगा. जरा जोरानं."

साहेब निर्मळ मनाचे. ते जोरानं म्हणाले, "कामगंध सापळा!"

शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघू लागल्या.

"म्हंजे?" आजी म्हणाली.

"म्हणजे आजी, मादी पतंग जी असते ना..." साहेबांनी समोर पाहिलं. एवढ्या बायका, सगळ्यांचे पदर तोंडाशी, डोळे त्यांच्यावर. पलीकडे बाबा. "ती एक, म्हणजे, केमिकल रिलीज करते. मग मेलला सिग्नल जातो. अट्रॅक्शन होतं. आणि मेटिंगच्या टायमाला..."

इथं ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. त्यांचे कान लाल झाले.

"अस्सं," आजी म्हणाली. "केमिकल हाय व्हय. मंग तसं सांगा ना सरळ."

पहिल्यांदा हसली काकू. मग सगळ्या. वहिनी पाठ फिरवून हसत होती, तिचे खांदे हलत होते. मी हसलो नाही. माझी चाचणी सुरू होती. पण साहेबांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि तेही हसू लागले. शेवटी बाबाही हसले, ते मात्र दुसरीकडे बघून.

चहा झाल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही छापलेला शब्द वापरलाच नाही का?"

"वापरला साहेब. एकही सापळा गेला नाही."

"आणि नंतर?"

"नंतर एकही राहिला नाही."

ते डब्याकडे बघत म्हणाले, "पण असं केलं तर आपली भाषा कशी वाढणार हो?" ते चिडले नव्हते. खरंच विचारत होते. मी त्यांना शिलाईच्या क्लासची गोष्ट सांगितली. ती त्यांनी दोनदा सांगायला लावली आणि वहीत लिहून घेतली. चित्रफीत वहिनीच्या शब्दांतच झाली.

पुढे मला कायम झाल्याचं पत्र मिळालं आणि नेमणूक उमरखेडला झाली. घरी सगळ्यांना फोनवर कळवलं. वहिनीचं मात्र फोनवर भागण्यासारखं नव्हतं. तिचा फोन दादा स्पीकरवर लावतो, आणि तिला आलेला मेसेज आधी सगळं घर वाचतं. म्हणून उमरखेडच्या पोस्टातून मी तिला हे पत्र पाठवलं.

"वहिनी,

नमस्कार. मी बरा आहे. खोली चांगली मिळाली आहे, खाली किराणा दुकान आहे. वरण मला अजून तुमच्यासारखं जमत नाही, पातळ होतं. आईला हे सांगू नका, ती लगेच बसमध्ये बसेल.

काल बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर बैठक होती. बायका आपसात गोरबोलीत बोलत होत्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी दाराशी उभा होतो आणि आता यांच्यापुढे सुरुवात कशी करावी याचा विचार करत होतो. तेवढ्यात त्यांच्या बोलण्यात 'फेरोमोन' आलं. माझ्याआधी आमच्या संस्थेतलं तिथं कोणी गेलेलं नाही. तो शब्द कोणाच्या माहेरून आला की बाजारातून आला, मी विचारलं, कोणाला सांगता येईना. त्या एका शब्दाला धरून मी आत गेलो आणि बैठक चांगली झाली.

आता मुद्द्याचं लिहितो. कायमचं पत्र आलं त्या दिवशी मी फोनवर तुम्हाला 'थँक्यू वहिनी' म्हणालो. तुम्ही म्हणालात, 'हाव हाव, ठेवा आता, दूध उतू जाते.' खोलीवर बसून विचार केला, तेव्हा लक्षात आलं की तोही पदर घेतलेलाच शब्द आहे. तो बोलला की बोलल्यासारखं होतं आणि कोणाला लाजावं लागत नाही. आपल्या घरात कोणी कोणाला याहून जास्त बोललेलं मी ऐकलेलं नाही.

म्हणून मराठीत लिहितो. तुम्ही बाबांसमोर माझ्यासाठी तुमचा शब्द टाकला, तेव्हा तुम्हाला त्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. मी नापास झालो असतो तर बोलणी तुम्ही खाल्ली असती. साहेबांसमोरही तुम्ही आधी माझी चूक नाही हे सांगितलंत, मग पदर ओढलात. मला ते दिसलं. वहिनी, मी तुमचा ऋणी आहे. मी जे काही झालो ते तुमच्यामुळे झालो.

लिहिलं एकदाचं. आता माझेच कान गरम झाले आहेत. हे पत्र दादाला दाखवायला हरकत नाही, पण मोठ्यानं वाचू देऊ नका, आणि बाबा घरात असताना तर मुळीच नको.

तुमचा धाकटा दीर"